डोक्याचा मार आणि मागाहून साचणारे पाणी

डोक्याला मार बसलेला माणूस इस्पितळातून घरी आला, टाके निघाले, जखमेवर केस उगवू लागले, की घरची मंडळी सुटकेचा निःश्वास टाकतात. उपकारस्तुतीची मिसा अर्पण होते, शेजारीपाजारी भेटून जातात, आणि 'थोडक्यात निभावले' असे म्हणून सारे आपापल्या कामास लागतात. बहुतेक घरांत ते खरेही ठरते. परंतु काही घरांत महिना-दोन महिन्यांनी निराळेच चित्र दिसू लागते. दिवसेंदिवस सुधारत चाललेला माणूस एका जागी थबकतो. पुढे तो मागेच येऊ लागतो. पाय उचलून टाकण्याऐवजी तो ओढत चालतो. विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर द्यावयास फार वेळ घेतो. सकाळी कोण येऊन गेले हे त्यास दुपारी आठवत नाही. आणि ज्या गोष्टीची वाच्यता करावयास घरच्यांस संकोच वाटतो तीही घडू लागते, म्हणजे कपड्यांत लघवी होऊ लागते. 'मारच तसा होता, आता एवढेच व्हायचे,' असे म्हणून घर ते पत्करते.

आजाऱ्यांच्या भेटीस जाताना हे वाक्य आमच्या कानांवर अनेकदा पडते. पुष्कळ वेळा ते खरे असते, कारण मेंदूची काही हानी भरून येत नाही. पण काही वेळा ते खरे नसते. जे आपण माराचे अटळ फळ समजतो ते मागाहून साचलेल्या पाण्याचे काम असते. आणि त्या पाण्यास वाट करून दिली तर हातचा गेलेला माणूस पुष्कळ अंशी परत मिळतो. हा भेद घरच्या माणसांच्या नजरेस आला नाही, तर तो कोणाच्याच नजरेस येण्याचा संभव थोडा; कारण डॉक्टर रोग्यास पाच-दहा मिनिटे पाहतात, घर त्यास रात्रंदिवस पाहते.

या विकारास हायड्रोकेफॅलस म्हणतात. 'पाणी' आणि 'डोके' या अर्थांच्या दोन ग्रीक शब्दांपासून हे नाव बनले. आपल्याकडे जलशीर्ष हा शब्द ग्रंथांत आढळतो. बोलताना आपण 'मेंदूत पाणी झाले' असे म्हणतो. ते म्हणणे किंचित फसवे आहे, कारण मेंदूत पाणी असणे हा रोगच नव्हे. प्रत्येकाच्या मेंदूच्या आत चार पोकळ्या आहेत, व त्यांत एक नितळ द्रव सतत पाझरत असतो. मोठ्या माणसाच्या डोक्यात व पाठीच्या कण्यात मिळून कोणत्याही वेळी तो सुमारे १५० मिलिलिटर असतो. पण चोवीस तासांत तयार होतो सुमारे ५०० मिलिलिटर. म्हणजे सारे पाणी दिवसातून तीनेक वेळा बदलते. आतल्या पोकळ्यांतून निघून ते अरुंद वाटांनी मेंदूच्या बाहेरच्या अंगास येते, पातळ आवरणाखाली पसरते, आणि शेवटी डोक्याच्या मोठ्या शिरांच्या कडेला असलेल्या सूक्ष्म कोंबांवाटे बहुतांशी रक्तात परत जाते.

येणे चालू राहिले आणि जाणे अडले तर काय होते, हे बाल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्स इस्पितळातील वॉल्टर डँडी व केनेथ ब्लॅकफॅन यांनी १९१३ व १९१४ साली कुत्र्यांवर प्रयोग करून दाखविले. पोकळ्यांमधील बारीक मार्ग बंद करताच त्याच्या मागच्या पोकळ्या फुगल्या. आपल्या घरची मोरी तुंबली म्हणजे नळ आपला वाहतच राहतो, आणि पाणी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापर्यंत चढते. त्यातलाच हा प्रकार. दाब पुरेसा वाढला तरी मेंदूतला हा नळ फारसा बंद होत नाही.

मार बसल्यावर ही मोरी तुंबते ती बहुधा रक्तामुळे. सांडलेले रक्त आतल्या पोकळ्यांत उतरले असेल, किंवा मेंदूवरील पातळ आवरणाखाली पसरले असेल, तर त्याचे कण आणि त्यातील प्रथिने त्या सूक्ष्म कोंबांपाशी जाऊन बसतात. पहिल्या दिवसांत ती नुसती गाळासारखी अडवणूक असते. पुढे आवरणास दाह होऊन ते जागोजागी चिकटते व घट्ट होते, आणि मग रक्त विरघळून गेले तरी वाट मोकळी होत नाही. म्हणूनच हे पाणी कित्येकदा उशिरा साचते. काहींच्या बाबतीत ते पहिल्या काही दिवसांतच दिसते, पुष्कळांच्या बाबतीत पहिल्या तीन महिन्यांत, आणि काहींस त्याहूनही उशिरा. इस्पितळातून निघताना काढलेले चित्र स्वच्छ होते एवढ्यावर निर्धास्त राहू नये असे आम्ही म्हणतो ते याचसाठी.

धोका सर्वांस सारखा नाही. साधे खोक पडून चार टाके पडलेल्या मुलाच्या आईने हा लेख वाचून झोप उडवून घेऊ नये. ज्यांच्या मेंदूच्या पोकळ्यांत किंवा आवरणाखाली रक्त आढळले होते, ज्यांची बेशुद्धी खोल होती व लांबली, आणि ज्यांचे वय अधिक आहे, त्यांच्यात हा विकार अधिक आढळतो. बेशुद्धीची खोली मोजण्यास ग्लासगो येथील ग्रॅहम टीसडेल व ब्रायन जेनेट यांनी १९७४ साली एक मोजपट्टी घालून दिली. आजही इस्पितळाच्या कागदावर तोच आकडा लिहिलेला असतो. पंधरा म्हणजे पूर्ण शुद्धीवर, तीन म्हणजे अगदी तळाशी. आठ किंवा त्याखाली असेल तर मार गंभीर समजतात. हा आकडा घरच्यांनी विचारून लिहून ठेवावा. मेंदूच्या आवरणास जंतूंची बाधा होऊन मेंदूज्वर झाला असेल, तर त्यानेही आवरण चिकटते व वाटा बुजतात. कवटीच्या तळाचे हाड फुटून नाकावाटे किंवा कानावाटे नितळ पाणी गळत असेल तर ते पडसे समजून पुसून टाकू नये. तेच हे मेंदूचे पाणी असू शकते, आणि ज्या वाटेने ते बाहेर येते त्या वाटेने जंतू आत शिरतात.

आता एका गोष्टीविषयी अंमळ सविस्तर लिहितो, कारण तिच्याबद्दल आमच्या लोकांत फार गैरसमज आहे. मेंदू फार सुजला तर बंद कवटीत त्यास जागा पुरत नाही, आणि तो स्वतःलाच चिरडू लागतो. अशा वेळी शस्त्रवैद्य कवटीचा एक मोठा तुकडा काढून ठेवतात. तो कधी शीतपेटीत ठेवतात, कधी रोग्याच्याच पोटाच्या कातडीखाली शिवून ठेवतात. 'डॉक्टरांनी अर्धे डोके काढून घेतले' असे म्हणून नातेवाईक हाय खातात; पण या शस्त्रक्रियेने जीव वाचतात. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या आंतरराष्ट्रीय चाचणीत, औषधांना न जुमानणाऱ्या दाबाच्या रोग्यांपैकी, सहा महिन्यांनी पाहता, हाड काढलेल्यांत शंभरास सुमारे २७ मृत्यू झाले होते, तर केवळ औषधोपचारांवर ठेवलेल्यांत शंभरास सुमारे ४९. परंतु वाचलेल्यांत परावलंबी होऊन राहिलेलेही अधिक होते, हे त्याच चाचणीने सांगितले. वाचलेल्यांच्या वाट्यास येणाऱ्या अडचणींत हे पाणी साचणे एक आहे.

हाड काढल्याने पाणी का साचावे? बंद कवटीत नाडीच्या प्रत्येक ठोक्याबरोबर मेंदूचे पाणी पुढे ढकलले जाते. कवटीस मोठी खिडकी पडली की तो धक्का खिडकीतून वाया जातो, आणि पाण्याची चाल मंदावते, असे समजतात. रोम येथील सेक्रेड हार्ट कॅथलिक विद्यापीठातील शस्त्रवैद्यांनी २०१० साली दाखविले की काढलेल्या हाडाची वरची कड डोक्याच्या मध्यरेषेच्या अडीच सेंटिमीटरच्या आत आली तर धोका अधिक, कारण पाणी शोषणारी मोठी शीर त्या मध्यरेषेखालूनच जाते. पुढील सर्वच अभ्यासांत हे तितकेच ठळक दिसले नाही. तथापि काढलेले हाड फार काळ परत न बसविणे इष्ट नाही, याविषयी अनुभव बव्हंशी एक आहे. खर्चामुळे, दूरच्या प्रवासामुळे, किंवा 'पुन्हा डोके उघडावयाचे' या भीतीने हे काम वर्षवर्ष लांबणीवर टाकणारी घरे आहेत. भीती आम्हांस समजते. पण हाड काढलेली जागा दिवसेंदिवस फुगून वर येऊ लागली, तर ती सूज साधी समजू नये. आत पाणी तुंबल्याची ती खूण असू शकते.

किती जणांस हा विकार होतो, याचे आकडे निरनिराळ्या इस्पितळांचे फार निरनिराळे आहेत: गंभीर मार बसलेल्यांत कोणी शंभरास एक-दोन सांगतो, कोणी तीस. ही तफावत वैद्यांच्या हलगर्जीपणाची नव्हे. मेंदूचा काही भाग मरून आकसला तर आतल्या पोकळ्या आपोआप मोठ्या दिसतात. तेथे पाणी केवळ रिकामी झालेली जागा भरते, दाबत नाही. चित्रात दोन्ही सारखीच भासतात. पहिल्या प्रकारात पाण्यास वाट करून दिल्याने काही साधत नाही. दुसऱ्यात सारे साधते. कोणास कोणत्या खात्यात मांडावे यावर आकडा हलतो.

आणि या भेदाच्या पोटीच वैद्यकाच्या इतिहासातील एक विलक्षण गोष्ट घडली. दक्षिण अमेरिकेतील कोलंबिया देशाची राजधानी बोगोता येथे संत जॉन ऑफ गॉड यांच्या नावाचे जुने इस्पितळ होते. हे संत आजाऱ्यांचे व इस्पितळांचे आश्रयदाते, हे आमच्या वाचकांस ठाऊक आहेच. तेथे १९५७ साली डॉ. सालोमोन हाकिम यांच्याकडे सोळा वर्षांचा एक मुलगा होता. मोटार अपघातात त्याच्या डोक्यास जबर मार बसला होता. मेंदूवर साचलेले रक्त शस्त्रक्रियेने काढले; मुलगा वाचला, परंतु शुद्धीवर असा आलाच नाही. अर्धवट ग्लानीत तो पडून राही. त्या काळी स्कॅनचे यंत्र नव्हते (ते १९७१ साली लंडनमध्ये प्रथम रोग्यासाठी वापरले गेले), म्हणून मेंदूच्या पोकळ्यांत हवा भरून क्ष-किरणांनी चित्र घेत. त्या चित्रात पोकळ्या फुगलेल्या दिसल्या. कण्यातून सुई घालून दाब मोजला, तो निघाला पाण्याच्या १५० मिलिमीटर उंचीइतका, म्हणजे निरोगी माणसाचा असावा तेवढाच.

शास्त्रानुसार प्रश्न तेथेच मिटला होता. दाब नाही, तर पाणी अडलेले नाही. पोकळ्या मोठ्या आहेत त्या मेंदू आकसल्यामुळे. हाकिम यांनी तपासणीसाठी पंधरा मिलिलिटर पाणी काढून घेतले होते, इतकेच. दुसऱ्या दिवशी तो मुलगा बोलू लागला.

दुसरा एखादा वैद्य असता तर योगायोग म्हणून पुढे गेला असता. हाकिम यांनी पाणी पुन्हा काढले, पुन्हा सुधारणा दिसली, ती पुन्हा ओसरली. शेवटी मेंदूच्या पोकळीतून हृदयाच्या कप्प्यापर्यंत नळी घालून त्यांनी पाण्यास कायमची वाट करून दिली. मुलगा पुढे शाळेत जाऊ लागला. दाब नसताना पोकळ्या मेंदूस कसे दाबतात, याचे उत्तर हाकिम यांनी पास्कालच्या नियमात शोधले: दाब तोच असला तरी तो जितक्या मोठ्या पृष्ठभागावर पडेल तितके एकूण बळ मोठे. फुगा फुगविताना पहिली फुंकर जड जाते, आणि एकदा तो ताणला गेला की थोड्या श्वासानेही वाढतो; पोकळ्यांचेही तसेच होते, असे त्यांचे म्हणणे. १९६४ साली त्यांनी आपला प्रबंध बोगोता येथील येशूसंघीयांच्या हाविएरियाना विद्यापीठास सादर केला. ज्यांचे पवित्र अवशेष जुन्या गोव्यात आहेत त्या संत फ्रान्सिस झेवियर यांचे नाव या विद्यापीठास आहे. पुढल्याच वर्षी बॉस्टन येथील रेमंड अॅडम्स यांच्यासह लिहिलेल्या लेखांनी ही गोष्ट जगापुढे आली. चाल बिघडणे, बुद्धी मंदावणे आणि लघवीवरचा ताबा जाणे ही तीन लक्षणे तेव्हापासून वैद्यांच्या मनात एकत्र बसली आहेत.

ही तीनच लक्षणे घरात कशी दिसतात पाहा. पाय जमिनीस चिकटल्यासारखे होतात. माणूस लहान लहान पावले टाकतो, वळताना अडखळतो, पडतो. हे बहुधा आधी दिसते. बोलणे तुटत नाही, पण मंद होते. चेहऱ्यावरचा भाव जातो, कशात उत्साह राहत नाही. लघवीची जाणीव होते तोवर उशीर झालेला असतो. तिन्ही एकदम असतीलच असे नाही. आता असा माणूस साठीचा असेल तर सून म्हणते, मामंजींचे वय झाले. तिशीचा असेल तर आळशीपणा म्हणतात, मन खचले म्हणतात, दारू सुटली नसेल म्हणतात. आपल्या हातून न घडलेल्या दोषाबद्दल घरातल्याच माणसांची बोलणी खात तो कोपऱ्यात बसून राहतो, आणि त्याची जीभ मंद झालेली असल्यामुळे आपली बाजूही मांडू शकत नाही. आमच्या मते या विकारातील सर्वांत मोठे दुःख हेच. ज्यास अद्याप बोलता येत नाही, हातपाय हलविता येत नाहीत, अशा रोग्याच्या बाबतीत तर लक्षण एकच उरते: सुधारणा चालू होती ती थांबली. तेवढ्यावरूनही पुन्हा चित्र काढण्यास सांगण्याचा घरच्यांस अधिकार आहे. तान्ह्या मुलाची गोष्ट निराळी. त्याच्या कवटीचे सांधे जुळलेले नसतात म्हणून डोकेच मोठे होते, टाळू फुगते, नजर खाली वळते. ज्यास तीव्र डोकेदुखी, ओकाऱ्या व गुंगी एकदम सुरू झाली त्याच्याविषयी विचार करीत बसू नये. तो त्याच रात्री इस्पितळात पोहोचला पाहिजे.

शंका आल्यावर वैद्य प्रथम स्कॅन करतात, आणि जुन्या चित्राशी ताडून पाहतात. म्हणून जुनी चित्रे उशाखाली नव्हे, पेटीत जपून ठेवावीत. पुष्कळदा हाकिम यांचीच युक्ती मुद्दाम करतात: कण्यातून तीस ते पन्नास मिलिलिटर पाणी काढतात, व आधी आणि नंतर रोग्यास चालावयास लावून पावले व वेळ मोजतात. चाल सुधारली तर नळीचा उपयोग होण्याची आशा बळावते. न सुधारली तरी आशा संपत नाही. ही परीक्षा होकार पक्का देते, नकार तितका पक्का देत नाही.

नळी आता बहुधा हृदयाकडे न नेता कातडीखालून पोटात सोडतात. तिच्या वाटेवर एक झडप असते, तीमुळे पाणी एकाच दिशेने व बेताने वाहते. या झडपांच्या इतिहासात बापांचा वाटा मोठा आहे. अमेरिकेतील जॉन होल्टर या कारागिराने १९५६ साली आपल्या जलशीर्ष झालेल्या बाळासाठी झडप बनविली. १९६० च्या ५ डिसेंबरला न्यूयॉर्कमध्ये इंग्रज लेखक रोआल्ड डाल यांच्या चार महिन्यांच्या मुलाची बाबागाडी टॅक्सीखाली सापडली. डोक्यास मार बसून मेंदूत पाणी साचू लागले. होल्टर यांच्या झडपेची नळी घातली, पण मार बसलेल्या मेंदूतील कणांनी ती पुनःपुन्हा तुंबे, आणि दर वेळी बाळास इस्पितळात न्यावे लागे. डाल यांनी छोट्या विमानांची यंत्रे बनविणारे स्टॅनली वेड यांस गाठले, लंडनच्या ग्रेट ऑर्मंड स्ट्रीट इस्पितळातील शस्त्रवैद्य केनेथ टिल यांस जोडीस घेतले, आणि १९६२ साली न तुंबणारी झडप तयार झाली. तोवर त्यांच्या मुलास तिची गरज उरली नव्हती. ती दुसऱ्यांच्या मुलांस बसली. तिघांपैकी कोणी तीवर नफा घेतला नाही.

इतक्या वर्षांनंतरही नळी तुंबण्याचा दोष पूर्णपणे गेलेला नाही, हे मात्र लक्षात ठेवले पाहिजे. नळी बसली म्हणजे रोग संपला असे नव्हे. रोग ताब्यात आला. तिला जंतुबाधा होते, बहुतेक वेळा पहिल्या काही महिन्यांत. नळी घातलेल्या माणसास ताप, ओकारी, वाढती डोकेदुखी, गुंगी, नळीच्या रेघेवर लाली, किंवा जुन्या तीन लक्षणांपैकी एखादे पुन्हा दिसले, तर गावच्या दवाखान्यातील तापाच्या गोळ्यांवर वेळ न दवडता मेंदूच्या शस्त्रवैद्याकडे जावे. कधी उलट घडते. पाणी गरजेहून अधिक वाहून जाते, मग बसले किंवा उभे राहिले की डोके दुखते व आडवे झाले की राहते. काही झडपांचे प्रमाण बाहेरून चुंबकाने कमीजास्त करता येते. त्यांतील एक हाकिम यांच्याच नावाने ओळखली जाते. अशी झडप असलेल्याने कोणत्याही कारणासाठी एम.आर.आय. काढावयाचा झाल्यास तेथील माणसास आधी सांगावे, आणि नंतर झडपेचा आकडा तपासून घ्यावा, कारण त्या यंत्राच्या मोठ्या चुंबकाने काही झडपांचा आकडा बदलतो. झडपेचे नाव व तो आकडा लिहिलेले कार्ड इस्पितळातून मागून घ्यावे व रोग्याच्या खिशात राहू द्यावे.